म्हातारीच्या नळीतलं कवन

१६ सप्टेंबर १९५२, मंगळवार

ब्रान्दुर आला नाही. मेंढ्याही नाहीत.

भावजयीचा, हेर्दिसचा फोन — "तुझा भाऊ तुझ्याकडे टपकलाय का?" मी म्हटलं, "तुझ्या हातचं खाऊन कंटाळला असेल तर येईलही." नेहमी यावर ती मला चार ऐकवते. आज नुसता फोन धरून राहिली. आमच्या वस्तीला टेलिफोनची एकच तार, एकाचा वाजला की अकरा घरं उचलतात. ओर्नोल्फच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मधेच ऐकू येत होती, म्हणजे त्यालाही कळलं. बरंच झालं. यंदा तो डोंगरराजा आहे. रानातल्या मेंढ्या घरी आणताना कोणी कुठला पट्टा धुंडायचा हे तो ठरवतो, आणि त्या दिवसांपुरता त्याचा शब्द पाद्रीबुवासुद्धा मोडत नाहीत. ब्रान्दुरला त्याने लाव्ह्याचं रान दिलं. पश्चिमेची, दगडांच्या ढिगांनी खुणा केलेली वाट. एकट्याला. ब्रान्दुरनेच मागून घेतली म्हणे.

रविवारी गेला. आज दुपारी यायचा होता.

१७ सप्टेंबर, बुधवार

कुत्रा परत आला. एकटाच.

हेर्दिसने त्याच्या पंजांना कातड्याचे जोडे शिवले होते. थिजलेला लाव्हा कुत्र्याचे पाय फाडतो. चारातला एक उरलाय, तोही लोंबता. गोठ्यात पडलाय, पाय टेकवत नाही. माग काढायला त्याचा उपयोग नाही. हेर्दिस त्याच्यापुढे बसून विचारत होती, "कुठे सोडून आलास रे?" मला तिथे उभं राहवेना.

आता हे लिहूनच टाकते. हिवाळ्याच्या मेजवानीत वर्षभर कोणी काय मूर्खपणा केला याची कवनं म्हणायचं काम पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मेंढ्या आणताना ब्रान्दुर धुक्यात वाट चुकला आणि एका म्हाताऱ्या मेंढीच्या मागोमाग घरी आला. एवढं आयतं कोण सोडतं?

मेंढ्या आणाया गेला ब्रान्दुर, धुक्यात चुकला वाट,
मेंढ्यांनीच मग आणला घरी, पाहा त्याचा थाट.

लोक हसून लोळले. ब्रान्दुरही हसला. त्यानंतर त्याने फोन उचलला की तारेवर कोणीतरी "बेंऽऽ" करायचं. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत. मला गंमत वाटायची. आपलं कवन लोकांच्या तोंडी टिकलं म्हणून!

पट्टा त्याने मागून का घेतला, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चाळीस माणसं. रांग करून पश्चिमेच्या वाटेने. मीही गेले. ओर्नोल्फ म्हणाला, "तू घरी कॉफी कर." मी म्हटलं, "तूच कर, तुझी जास्त कडू होते."

हे रान लांबून मऊ दिसतं. दुधावर साय धरावी तसा सुरकुतलेला काळा दगड, त्यावर गोधडीएवढं जाड करडं शेवाळ. पाय टाकला की खालून पोकळ आवाज येतो. कुठे हातभर फट, कुठे अख्खं घर मावेल एवढं भुयार, आणि शेवाळ दोन्हीवर सारखंच पसरलेलं. काठी आपटायची, ऐकायचं, मग पाऊल. एका मैलाला तीन तास. प्रत्येक भोकात तोंड घालून "ब्रान्दुर" ओरडायचं. भोक तेवढंच परत म्हणतं.

दुपारी म्हातारीपाशी थांबलो. वाटेवरचा हा सगळ्यात मोठा दगडांचा ढीग. आजोबांच्या आधीपासून रिवाज आहे — येताजाता मेंढीच्या पायाच्या हाडाच्या नळीत कवन कोंबून ढिगात ठेवायचं, मागून येणाऱ्याच्या नावाने, जणू म्हातारीच त्याच्याशी लगट करतेय. जितकं चावट तितकं चांगलं. ज्याचं नाव असेल त्यानेच उघडायचं. मला आजवर सात मिळाली, त्यातलं एक पाद्रीबुवांचं, आणि तेच सगळ्यात वाईट.

ओर्नोल्फ आमच्या आधी पोचला होता. खिशात हात घालून उभा. मी विचारलं, "म्हातारी काय म्हणतेय?"

"नेहमीचंच," म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला. दमला असेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. काही नाही. माझे जोडे संपले.

२१ सप्टेंबर, रविवार

बारा माणसं उरली. कोकरं कापायला न्यायचे दिवस, कोणाला नावं ठेवू? जाणारा प्रत्येक जण "उद्या परत येतो" म्हणतो आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता टोपी घालतो.

पाद्रीबुवांनी प्रार्थनेत ब्रान्दुरसाठी "होता" वापरलं. दारातच गाठलं त्यांना. म्हटलं, "तुम्हाला देवाकडून तार आली का?" ते ओशाळले. हेर्दिस हसली, सहा दिवसांत पहिल्यांदा. मग हसता हसता तिचं भलतंच काहीतरी झालं आणि दोघींनी मिळून तिला बाकावर बसवलं, मी आणि पाद्रीणबाईंनी.

ओर्नोल्फ रोज येतो. पहाटे निघतो, सगळ्यांच्या शेवटी परततो. गुडघे सोललेत. आज मी त्याला विचारलं, "पूर्वेला बघायचं का?" म्हणाला, "पूर्वेला गवताची काडी नाही. मेंढी नाही तिथे माणूस कशाला जाईल? आणि अगं स्टेनवर, मी त्याला पश्चिम दिली होती." बरोबर आहे. दिलेला पट्टा कोणी सोडत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज आम्ही तिघंच. ओर्नोल्फ, हेर्दिस, मी. तीच भोकं पुन्हा. एका फटीत काळं काही दिसलं, हेर्दिस पोटावर पडून आत हात घालायला लागली. मेलेली मेंढी. गेल्या वर्षीची असावी.

परतताना हेर्दिस म्हणाली, "तुझ्यावर राग नाही माझा." मी विचारलंच नव्हतं. म्हणजे राग आहे. असायलाच हवा. सुका मासा आणि लोणी पुढे केलं तिने, मी खाल्लं. भूक लागते याचीच लाज वाटते.

देवा, नुसता पाय मोडलेला असू दे. आयुष्यभर लंगडू दे. मी एक ओळ लिहिणार नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सापडला.

पूर्वेला. समुद्रावरून जाणाऱ्या मासेमारीच्या होडीला कड्यावर उभी काठी दिसली, टोकाला लाल मफलर. दोन तोंडांच्या गुहेत होता. शेवाळातून खाली कोसळलेला, मांडीचं हाड मोडलेलं. शेवटी काठी रोवायला कड्यापर्यंत सरपटत आला असणार, मग परत आत, थंडी म्हणून.

पूर्वेला. का?

२८ सप्टेंबर, रविवार

पुरलं त्याला. काठी हेर्दिसने घरी आणली. तिच्यावर सुरीने खाचा केल्यात. तिने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. आठ.

"रविवार ते रविवार," ती म्हणाली.

पाद्रीबुवांना मी टोमणा मारला त्या दिवसापर्यंत तो जिवंत होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

ओर्नोल्फ आला. टोपी हातात, बसेना. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. ओला होऊन सुकलेला.

"हे तुझं. त्या गुरुवारी म्हातारीच्या नळीत होतं. वर तुझं नाव, अक्षर त्याचं. मला वाटलं, त्याचं असतं तसलंच काहीतरी असणार. तू भोकाभोकात त्याला हाका मारत होतीस, आणि मी तुझ्या हातात असलं देऊ? आणि दुसऱ्याच्या नावाचं उघडायचं नसतं. म्हटलं, तो सापडला की तोच तुला देईल. तो वाचून दाखवेल आणि तू चिडशील."

मी म्हटलं, "बरं केलंस." तो गेल्यावर उघडलं.

खुणेचे ढीग मेंढ्यांसाठी, मी त्यांना विचारत नाही,
पूर्वेकडच्या काठाकाठाने उतरेन दर्याठायी;
दोन तोंडांच्या गुहेपाशी करीन रात्रीचा थारा,
मंगळवारी घरी येऊन देईन कवनास उतारा.

म्हातारीपासून ती गुहा चार तासांवर. गुरुवारी ओर्नोल्फने कागद खिशात घातला तेव्हा ब्रान्दुर पाचवी खाच करत होता.

ओर्नोल्फच्या जागी मी असते तरी कागद खिशातच ठेवला असता. इथल्या कोणीही ठेवला असता.

हेर्दिसला दाखवलं. तिचा हक्क आहे. वाचून तिने घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मी हेर्दिसकडे असताना फोन वाजला. ओर्नोल्फ. अकरा घरांनी उचलला, मला घड्याळं ऐकू येत होती.

"स्टेनवर, त्या कागदात काय होतं?"

"चावट होतं," मी म्हटलं. "तुझ्या बायकोचंही नाव आहे. तारेवर सांगण्यासारखं नाही."

कोणीतरी खुदकन हसलं. ओर्नोल्फने श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

मी फोन ठेवला आणि खिशातला कागद काढला. हेर्दिसने लोखंडी चुलीच्या जाळावरचं झाकण उचलून धरलं होतं.