बैलाच्या डोळ्यांवरची पट्टी

पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. आदिना,

तुला, जावईबापूंना आणि माझ्या अबीगेलला भरभरून आशीर्वाद. मी सुखरूप पोहोचलो. गुडघा कुरकुरतोय, पण त्याचं ते नेहमीचंच आहे.

तुमच्या डनली मिल्सचं कौतुक करून करून माझा घसा बसला. तो छप्पर असलेला लाकडी पूल, वाचनालय झालेलं जुनं रेल्वे स्टेशन, नदीकाठचा सफरचंदांचा बाजार. एवढंसं गाव, पण काय निगुतीने जपलंय! इथे असतं तर केव्हाच त्यावर टॉवर उभा राहिला असता. तुझा चुलतभाऊ एरियल म्हणाला, "काका, त्या जुन्या तेलगिरणीचे फोटो दाखवा की." मी म्हटलं, फोन चार्ज नाही.

चार्ज होता गं.

हल्ली तू फोनवर नुसतं हवामान सांगतेस आणि मीही तेच विचारतो. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी गिरणीच्या म्युझियममध्ये अख्खा गाव जमला होता. म्युझियम चालवणाऱ्या बाईंनी त्याच गिरणीत राबलेल्या आपल्या पणजोबांचा फोटो दाखवला, तेलाने माखलेला. केवढ्या अभिमानाने! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आदिना सांगते, तुमचे आजोबाही कोकणात तेलच गाळायचे?" आणि मी काय बोललो? "छे छे, आमचं घराणं सरकारी नोकरीतलं."

तुझं तोंड एवढंसं झालं. अबीगेलने पुठ्ठ्याचा घाणा केला होता, बैलासकट. तो तिने हळूच पाठीमागे लपवला. मी ते पाहिलं, आदिना, आणि तरीही अॅपल पाय खात बसलो.

शाळेत पोरं मला "ए शनवार तेली" म्हणून चिडवायची. माझे वडील सांगायचे, कुणी विचारलं तर म्हणायचं, बाबा पोस्टात आहेत. तेच तोंडात बसलं. पण पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने अजून त्या पोरांना घाबरावं? लाज वाटते मला. आजोबांची नाही, माझी.

परवा घरी गोड पोह्यांचा मलिदा केला, सुखरूप आल्याबद्दल आपल्या ज्यू लोकांच्या रिवाजाने एलियाहू हनाबी प्रेषिताचे आभार मानायला. सुकापूरचा माझा बालमित्र काशीराम आला होता. पोह्यांचा घास घेत म्हणतो कसा, "मग, सांगितलंस का नाय तिकडं, तुजा आजा तेल गालायचा? शनवारी तुमचा घाना बंद, म्हनून आमची आजी शुक्रवारीच तेल घेऊन जायची. शब्बाथ तुमचा, धावपल आमची!" सगळे हसले.

मी म्हटलं, "सांगितलं तर! टाळ्या पडल्या."

इथेही खोटंच. मग मलिद्याची बशी तशीच ठेवून मी कागद शोधायला उठलो.

सोबत त्या बाईंसाठी इंग्रजीत चिठ्ठी आहे. सगळं खरं लिहिलंय. तू सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, आणि अबीगेलला घाणा घेऊन शेजारी उभी कर. ती येईल का गं?

तिला एक सांग. तिने बैलाचे डोळे उघडे ठेवलेत. घाण्याच्या बैलाला पट्टी बांधतात, नाहीतर गोल फिरून त्याला भोवळ येते. हे मला तिथेच दिसलं होतं. लहानपणी मी आजोबांच्या घाण्याच्या लाटेवर, त्या फिरत्या आडव्या लाकडावर, बसून फेऱ्या मारल्यात, मला नाही कळणार? पण सांगितलं असतं तर पकडला गेलो असतो.

माझ्या धोतराची एक चिंधी पाठवतोय. तिच्या हाताने बांधू दे.

तुझा बाबा
शालोम,
शनवार तेल्याचा नातू