अंगणातली दोन बोटांची पायरी

आप्पा,

आज अंगणाने वहिनीला पाडलं. अमावस्या लागली म्हणून तुम्ही अर्ध्यात काँक्रीट थांबवलं आणि उरलेलं दोन बोटं उंच आलं, तिथेच. आपण सवयीने तिथे पाय उचलतो. पाहुण्यांना ती घरची कवायत वाटते. पण सातव्या महिन्यात वहिनीला स्वतःचे पाय दिसत नाहीत.

मी आणि आई तिला जीपने बीडच्या दवाखान्यात नेतोय. दादाला तिथून एसटीडीवर कळवतो. भाकरी दुरडीत आहे. रहीमचाचा गवंडी येतील. उंचवटा फोडून उतार करून घ्या. मुहूर्त बघत बसू नका.

वहिनी म्हणाली, "भावजी, मामंजींना सांगू नका, लई मनाला लावून घेतील." म्हणून सांगत नाही, लिहितोय. पडल्यापासून बाळ हललेलं नाही.

संगमेश