सात नंबरच्या प्रेसवरचा डाग

८ सप्टेंबर, सोमवार

लागली बाई एकदाची चाकणला नोकरी! कासारवाडीच्या खोलीतून साडेसहाला निघाले, नाशिक फाट्यावर कंपनीची बस मिळाली, तीही खिडकीच्या जागेसकट. चार वर्षं पिंपरीच्या दुकानात लोकांच्या टीव्हीतली झुरळं झटकली. आता गळ्यात कार्ड, पायात सेफ्टी शूज. शूज दोन नंबर मोठे आहेत. बायकांच्या मापाचे ठेवत नाहीत म्हणे. मोज्यांवर मोजे चढवले.

प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे पार्ट दाबणाऱ्या बारा प्रेस, प्रत्येकीवर एक स्क्रीन. ऑपरेटरनं कार्ड लावलं की त्याचा फोटो येतो आणि प्रेस चालू होते. जाताना पुन्हा लावलं की फोटो जातो. या स्क्रीन नीट करायच्या. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेला परदेशी पाहुणे येणार आहेत. तोवर बाराही चकाचक झाल्या तर पर्मनंटचं पत्र, असं मॅनेजर गुरुदत्त साहेब स्वतः म्हणाले. आवाज काय गोड, बेटा बेटा करतात. औशाहून दादाचा फोन होता, दिवाळीपर्यंत नोकरी पक्की नाही झाली तर बघितलेल्या स्थळाला होकार देणार. देऊन तर बघ म्हणावं!

गेटवर मोठा बोर्ड आहे, 'अपघाताविना ९७७ दिवस'. खंडेनवमीला बरोब्बर हजार.

१० सप्टेंबर, बुधवार

तीन स्क्रीन झाल्या. अडकलेला पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचा बारका ठिपका, लाल नाहीतर हिरवा पेटून बसतो. त्याच्यावर भराभर रंग फिरवत ठेवायचे, मऊ फडकं गुंडाळून बोटाच्या टोकानं हळूच दाबायचं. चार तासांत बहुतेक जण शुद्धीवर येतात. काळा पडला तो मेला, त्याच्या नादी लागायचं नाही. दुसरं दुखणं डागाचं. एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं की काचेत बसतं, स्क्रीन बंद केली तरी भुतासारखं दिसत राहतं. त्याला दोन-दोन दिवस नुसता पांढरा उजेड दाखवावा लागतो.

कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या शालनबाई माझ्या चहात मुद्दाम आलं घालतात. देहूकडच्या आहेत. नवरा ज्योतीराम इथंच सात नंबरच्या प्रेसवर होता. जानेवारीत एक दिवस कामावर आला तो घरी गेलाच नाही. कंपनी म्हणते जेवणाच्या सुट्टीत निघून गेला, बाईबिई असेल. पण त्या दिवशी शालनबाई डबा घेऊन गेटवरच उभ्या होत्या. आत गेल्याला म्या बघितलं, भायेर आल्याला न्हाई, एवढंच त्या सांगतात. गेटाच्या आत राहता यावं म्हणून ही नोकरी धरली. प्रेस शॉपमध्ये मात्र कँटीनच्या बायकांना सोडत नाहीत. त्यांना काही नको, फक्त कुणीतरी म्हणावं की माणूस पळून गेला नव्हता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज सात नंबर घेतली. धूळ पुसली, स्क्रीन बंद केली आणि काचेत माणूस दिसला. कार्डावरच्या फोटोतला असतो तसा, कान, मिशा, कॉलर सगळं. समोर बघणारा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

प्रेसच्या लाइनवरचा ऑपरेटर समाधान आमच्याच मराठवाड्यातला, सख्ख्या भावासारखा बोलतो. त्यानं सांगितलं की हाच ज्योतीराम. जातानाचं कार्ड त्यानं लावलंच नाही, म्हणून फोटो हटेना. साहेब म्हणाले, प्रेस चालतीय ना, मग राहू द्या. ठेकेदाराची माणसं सहा महिने त्याच्याच नावावर पार्ट काढत राहिली. महिन्याचा सर्वोत्तम ऑपरेटर म्हणून तीनदा त्याचंच नाव लागलं! जुलैत सिस्टिम बदलली तेव्हा फोटो गेला, डाग राहिला.

मी विचारलं, मग माणूस कुठाय? समाधान खाली बघत म्हणाला, एरवी प्रेसला पाणी लावत नाहीत, त्या दिवशी दुपारी पाण्यानं धुतली होती. हात जोडून म्हणाला, तू फक्त काच पूस.

आणि जानेवारीतसुद्धा गेटवरचा बोर्ड एकेक दिवस मोजतच होता. मेल्यांनो!

२० सप्टेंबर, शनिवार

गुरुवारची सुट्टी धरून तीन दिवस पांढरा उजेड लावून ठेवला. खांदे गेले, कॉलर गेली. चेहरा गेला नाही, उलट गडद झाला.

मोबाइलमधल्या फोटोत तो समोर बघतोय. काचेतला आज खाली बघतोय, प्रेसच्या जबड्यात. दोन्ही शेजारी धरून बघितलं. माझे डोळे दुखतायत, दुसरं काय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काचेतल्या चेहऱ्याचं शालनबाईंच्या कानावर गेलंय. साबणाच्या हातांनी माझं मनगट धरलं, म्हणाल्या, एकदाच दाव गं पोरी, न्हाई म्हनू नको. जेवणाच्या सुट्टीत मागच्या दारानं नेते म्हणून मी शब्द दिला. मोबाइलवरचा फोटो तरी तेव्हाच दाखवायचा होता. का नाही दाखवला? साहेबांना कळलं तर, म्हणून.

दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर पत्र होतं, माझं पूर्ण नाव छापलेलं, फक्त सही राहिलेली. म्हणाले, सात नंबरचं तेवढं आटप बेटा, स्क्रीनचा नवा पॅनल यायला दीड महिना लागतो. मोबाइल मागितला. फोटो त्यांच्यासमोर मीच पुसला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डाग गेला.

चेहऱ्यावर बोट ठेवून दाबत होते. काच गरम होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. दाबलं की पापणी मिटायची. तरी दाबत राहिले, पाच तास. शेवटी कपाळावर एक लाल ठिपका उरला, तोही गेला.

शालनबाईंना सांगितलं, तिथं काही नाही हो, साधा डाग होता. त्या बरं म्हणाल्या आणि माझा चहा ओतायला वळल्या. चहात आलं होतंच. चहा तसाच ठेवून उठले. थू आहे माझ्यावर.

२८ सप्टेंबर, रविवार

बाराही स्क्रीनवर लाल ठिपका. सगळीकडे एकाच जागी, कपाळाच्या उंचीवर. एक घालवला की दुसरा —

भर दिवसा, पन्नास माणसांत. कुणालाच दिसत नाही. समाधानलाही नाही, का तो बघतच नाही?

३० सप्टेंबर, मंगळवार

ठिपके आपोआप गेले. बरं वाटायला हवं होतं.

कँटीनमध्ये गेले नाही. तोंड कुठलं दाखवू?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

बोर्डावर हजार! प्रेसना झेंडूचे हार, सगळ्यांना पेढे आणि स्टीलचा डबा. पत्रावर सही झाली, नवं कार्ड मिळालं. साहेब पाहुण्यांना म्हणाले, ही आमची पर्मनंट मुलगी, आणि मला सात नंबरवर कार्ड लावायला सांगितलं. फोटो आला, टाळ्या पडल्या. दादाला फोन केला, लागला नाही.

जाताना कार्ड लावलं. फोटो जात नाही.

दुपारी तीन

गेटचं फिरतं दार उघडत नाही. वॉचमनला हाका मारल्या, हात हलवला, तो माझ्यातून पलीकडे बघतो. साहेब तिथंच फोनवर होते. दादाचा फोन असणार. हळहळत सांगत होते, जेवणाच्या सुट्टीतच निघून गेली हो वर्षाली, लग्नाबिग्नाचं काही असेल.

अहो, मी इथं आहे! तीन हातांवर!

बसेस गेल्या.

पुन्हा सात नंबर

फोटोतली मी खाली बघतेय. मी तशी उभी राहिले नव्हते —

कपाळावर लाल ठिपका.

आज पूजेमुळं प्रेस शॉप सगळ्यांना उघडं. शालनबाई आल्या. हातात हळदीकुंकवाचं ताट. एकेका प्रेसला कुंकू लावत सातपर्यंत आल्या, इथं थांबल्या, स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी काचेवर थापा मारल्या. शालनबाई, चुकले हो, तो इथंच होता, पळून गेला नव्हता, मला ठाऊक होतं, ओरडून ओरडून सांगितलं —

त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. दिसले मी त्यांना. नक्की दिसले.

दारातून समाधाननं विचारलं, काय बघताय मावशी?

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, माझ्या कपाळावर ठेवून दाबलं. म्हणाल्या, तिथं काय न्हाई बाबा, साधा डाग हाय.

दोघं दिवे बंद करून गेली. प्रेस कुणी चालू केली? माझे हात जबड्यात —

बोर्डावर हजार आहे. उद्या सकाळीही तो मोजेल, एक हजार ए