शेजारी मी पाहिलेच नाहीत

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मागच्या पत्रात ‘शेजारी चांगले आहेत’ असं लिहिलं, ते कृपा करून खोडा. सात महिन्यांत मी त्यांना पाहिलेलंच नाही. पाटीवर गिरवून घेताना तुम्ही म्हणायचात, ‘पाहिलं तेवढंच लिही.’ म्हणून राहवलं नाही.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. इथल्या धुराची, गोंगाटाची सवय झाली. पण जिन्यात पावलं वाजली की ती दूर जाईपर्यंत माणसं दार उघडत नाहीत, आणि आता मीही उघडत नाही. आत्या म्हणेल, ‘घुम्यांत राहून घुमी झाली!’

भिंतीपलीकडे एक आजी एकट्या असतात, असं आवाजावरून वाटतं. काल त्यांनी हाक मारली, ‘कुणी आहे का गं?’ मी श्वास रोखून बसले, बाबा. बऱ्याच वेळानं त्यांची काठी वाजली, तेव्हा जीव भांड्यात पडला. लाज मात्र गेली नाही.

आईचा गुडघा कसा आहे? शेजारच्या काकांचा पेपर अजून तुम्हीच आधी वाचता ना?

आजींकडे साखर मागायला जाणार आहे. डबा भरलेला आहे, पण एवढं खोटं चालेल ना? तुमच्या उत्तराची वाट पाहत नाही. उद्या, बुधवारी, कामावर निघण्याआधी त्यांचं दार वाजवते.

तुमची,
धाकटी