तिसरी किल्ली

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा, कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडलेला, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नेहमी नसतं, हे साक्षीदारांनाही ठाऊक आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. बायको पलंगावरून "अक्षर नीट काढ" म्हणते आहे, ती जबरदस्तीत धरू नये.

माझ्या वयात कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. पण गेल्या सोमवारी दुकानात मला विजेचा झटका बसला आणि दोन तास मी दवाखान्यात पडून होतो. इकडे बायको एकटी. तिला फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला, आता बरा न होणारा. तिला उठावं लागू नये म्हणून मी बाहेरून कुलूप लावून जातो. छातीतलं पाणी काढायला बरगडीत घातलेल्या नळीची बाटली भरली होती आणि हाक मारण्याइतकाही दम तिच्यात नव्हता. घराच्या किल्ल्या तीन. तिन्ही माझ्या खिशात.

कलम १. माझं जे काही आहे ते सगळं बायकोला. ती माझ्या आधी जाईल असं डॉक्टर म्हणतात. तरी पहिला हक्क तिचाच लिहितो. डॉक्टरांना चुकायला एवढी जागा ठेवतो.

कलम २. ती नसेल तर वाइंडिंगचं मशीन, मीटर आणि पेटी दुकानाच्या वस्तादांना. मी तापलो की ते मला जळकी कॉइल उलगडायला बसवत. संपेपर्यंत राग उतरलेला असे. मोटरसायकल दादाला, जो आमच्या लग्नाला आला नाही. पुढचा ब्रेक ढिला आहे, हे त्याला आठवणीने सांगावं. कॉलेजच्या सरांचं पुस्तक त्यांना परत करावं. हिच्याशी लग्नासाठी कॉलेज सोडलं तेव्हा "वर्षभरात तोंड घेऊन परत येशील," म्हणाले होते. आलो नाही. ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, ग्रंथालयाच्या काउंटरवर बसायची, आणि मी दर दोन दिवसांनी न वाचलेली पुस्तकं बदलायला जायचो. कॉलेज सुटलं त्याचं दुःख नाही.

कलम ३. दुःख आहे ते इथे. सासरे कारखान्यात वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड चढवायचे. संध्याकाळी घरी आले की सहा वर्षांची ही मागच्या दाराशी त्यांचा शर्ट झटकायची. पांढरं उडायचं आणि ही हसायची. ते काय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा हे निघालं. त्याच दिवशी मी सासऱ्यांना जिन्यात गाठून सगळ्या बिऱ्हाडांसमोर ओरडलो, "मुलीला तुम्ही मारलंत!" आमच्या घराची किल्ली परत मागितली. जुडग्यातून ती त्यांना लवकर सुटेना. मी मदत केली नाही.

त्याला आठ महिने झाले. मळलेल्या चादरी मी खालच्या औषधवाल्या काकांकडे ठेवायचो. सासरे त्या न्यायचे, धुऊन इस्त्री करून गुरुवारी आणून ठेवायचे. मला माहीत होतं.

"बाबा का येत नाहीत रे?" बायको विचारायची.

"कामात असतील."

"रिटायर माणसाला कसलं काम? आणि चादरी कुठे धुतोस?"

"लाँड्रीत."

त्या सोमवारी मी धावत घरी आलो तेव्हा, श्वास घेत घेत, तिने सांगितलं. "लाँड्रीवाले घडी घालतात. गुंडाळी करून टोक आत खोचत नाहीत. पाइपाच्या कापडाची करतात तशी. लहानपणी माझं पांघरूण तसंच असायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा राग उतरायची वाट बघत होते. पण तुझ्याइतका वेळ माझ्याकडे नाही."

<s>कलम ४. माझ्या मृत्यूनंतर घराची तिसरी किल्ली सासऱ्यांना द्यावी.</s>

हे कलम मी खोडलं आहे. कारण असं: साक्षीला दोघं हवेत. बायको म्हणाली, "एक काका, दुसरे बाबा." त्यावर काका म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष करू नये. मिळणारं हातचं जातं."

"मग ते काढ," ती म्हणाली.

"आणि किल्ली?"

"मेल्यावर कशाला देतोस? आज गुरुवार आहे."

मी खाली गेलो. सासरे गुंडाळी काउंटरवर ठेवून निघतच होते. मला बघून दोन पावलं मागे सरले. जिन्यात माफीचं वाक्य जुळवलं होतं, ते राहिलं. किल्ली पुढे केली.

"झोपली असेल तर नंतर येतो," ते म्हणाले.

"जागी आहे," मी म्हटलं. "आठ महिने."

वरचं सगळं माझ्या हातचं आहे. मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघांच्या देखत सही केली. खोडलेल्या कलमाशेजारीही सही आहे.

(सही) लिहून देणारा

साक्षीदार पहिले: खालचे औषधवाले काका (सही)
साक्षीदार दुसरे: सासरे, निवृत्त पाइप कामगार (सही). या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही.

ठिकाण: आमची खोली, दुसरा मजला, दार उघडं.
तारीख: सतरा, गुरुवार, दुपारी साडेचार.