वापरावी नव्हे, वापरायची

मी, जयमाला दिनानाथ शेट्ये, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार बेलापूर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात लिहीत आहे. संतापाने बुद्धी जात नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मागच्या महिन्यातला मसुदा मी फाडून टाकला आहे. कारण कलम दोनमध्ये.

१. तळमजल्यावरचे हे घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. ते माझा एकुलता मुलगा निशांत याला मिळेल. पुढच्या खोलीची गोष्ट वेगळी. तिथे दर शनिवारी मुले पटावरचे खेळ स्वतः तयार करतात. पट आखतात, सोंगट्या कापतात, नियम लिहितात. हा वर्ग आता माझी जुनी विद्यार्थिनी अक्षता चालवते. ती शेजारच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावची. लहानपणी तिने मासळीबाजाराचा खेळ केला होता: मासे खपले नाहीत की वास सुटतो आणि शेजारचा खेळाडू एक घर मागे पळतो. इतकी हसणारी मुले मी शाळेत कधी पाहिली नव्हती.

२. मसुदा निशांतला वाचायला दिला. वर्गाची रीत अशी की नियम दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि आपण गप्प बसायचे. समजावून सांगायचे नाही. मीही गप्प बसले. मी लिहिले होते, "पुढची खोली वर्गासाठी वापरावी."

"आई, 'वापरावी' म्हणजे विनंती ना?" तो म्हणाला. "मग टेन्शनच नाही. विमानतळ झालाय, हे विकून उलव्याला मोठा फ्लॅट घेऊ. पोरांचं काय, मोबाइलवर खेळतील."

लहानपणी याने बनवलेल्या प्रत्येक खेळात शेवटी हाच जिंकायचा. जन्मदात्रीच्या मृत्युपत्रातही याला पळवाटच दिसली! "सोंगटी मागे न्यावी" असे कोणी लिहिले की मी मुलांना दरडावते, "न्यावी, की न्यायचीच?" आणि माझ्याच हातून 'वापरावी' गेले. वकिली भाषेच्या नादाला लागले की असे होते.

३. म्हणून आता: खोली वर्गासाठी वापरायची. अक्षता वर्ग चालवेल तोवर खोलीचा ताबा तिचा. तोवर घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही. निशांतने वर्गाला कुलूप लावले, तर त्या दिवसापासून संपूर्ण घर अक्षताचे.

४. सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर मला म्हणाले होते, "मॅडम, गावातली पोरं गेटमधून आत येतात. बरं दिसत नाही."

"मग तुमचा नातू कुठून येतो? खिडकीतून?"

माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करायचे नाही. माझी चांगली कात्री मात्र त्यांच्या नातवाला द्यायची. पोरगा पुठ्ठा सरळ कापतो.

५. बँकेतली ठेव निशांतला. त्याला उपाशी ठेवण्याचा माझा हेतू नाही. अंमलबजावणी ॲडव्होकेट नमिता करतील. आईच्या मनात काय होते, हे त्यांना कोणीही समजावायला जायचे नाही. मनात होते ते इथे लिहिले आहे.

६. निशांतने एखाद्या शनिवारी त्या खोलीत येऊन मुलांबरोबर बसावे. इथे 'बसावे' हे मी जाणूनबुजून लिहिले आहे.

सही: जयमाला दिनानाथ शेट्ये

आम्हा दोघांदेखत बाईंनी मजकूर स्वतः मोठ्याने वाचला आणि सही केली.
साक्षीदार: शुभदा केळसकर, शेजारीण
साक्षीदार: अंकुश जाधव, निवृत्त लिपिक

बेलापूर, नवी मुंबई
शनिवार, १७ जानेवारी २०२६