पारडीवर घेतलेल्या बोटीची व्यवस्था

मी झुंबरबाई, कै. भिमाजी केदारी यांची बायको, राहणार मौजे भाजे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, माझ्या मागं काय व्हावं ते आज लिहवून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्यानं म्हशीच्या बाजारात माझ्याशी सौदा करून पाहावा.

कलम १. राहतं घर, शेत, दोन्ही म्हशी आणि दुधाच्या चरव्या माझी विधवा सून सावित्राबाई हिला.

कलम २. बोट. माझे दीर महिपती यांनी तेजीत कोकणातल्या एकाच बोटीच्या आगबोट कंपनीचे शेअर घेतले. मग मंदी आली. बोटी फार, माल थोडा. शेअर कुणी फुकट घेईना. तेव्हा भावजींनी ते माझ्या गळ्यात मारले आणि माझ्या म्हशीची पारडी सोडून नेली. वर गावभर सांगितलं, "वैनीला याड लागलंय! पारडी दिऊन कागदं घेतली."

मलाही वाटलं, फसले. पण त्याच मंदीत विलायतेतले जहाजं बांधायचे किती तरी कारखाने बंद पडले. पुढं माल वाढला, तर नव्या बोटी बांधणार कोण? आमची गंजकी बोट एकदम भाव खाऊ लागली. भाडं चढलं, नफा घरी येऊ लागला. पारडी मात्र शेवटपर्यंत व्यालीच नाही.

आता भावजी म्हणतात, "शेअर माघारी द्या, वैनी. सौदा केला तवा तुमी शुद्धीवर न्हवता." मी मेल्यावर कोर्टात हेच सांगून ते सावित्राला उघड्यावर आणतील, ही मला खरी धास्ती आहे. ती माझी लेकच आहे. सगळे शेअर तिला.

तिनं नफा सगळा खाऊ नये. बोट म्हातारी आहे. बुडाली तर पैसा असून दुसरी मिळायची नाही. कंपनीनं नवी मागितली तर "रांगेत थांबा" असं उत्तर आलं. बंद कारखाने पुन्हा सुरू झाल्याचं कळताच शेअर विकावेत; नव्या बोटी आल्या की जुनीचा भाव पडेल. गिऱ्हाईक शोधायला नको, भावजी घेतील.

कलम ३. बांधालगतची पट्टी भावजी दर नांगरटीला थोडी थोडी आपल्याकडे ओढतात. ती त्यांना कायमची दिली. अट एकच: या कागदावर साक्ष घालावी आणि माझ्या डोक्याबद्दल, सौद्याच्या दिवसापासूनचं, स्वतःच्या हातानं लिहावं.

वडगाव मावळ, १२ नोव्हेंबर १९३७
झुंबरबाई केदारी, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
गेणू शेलार, सही
महिपती केदारी, सही. वैनी शुद्धीवर हायेत. पारडीच्या सौद्याला बी व्हत्या. बांदावरचा आंबा पट्टीतच धरावा.